न विकलेला सेन्सर: रत्नागिरीतील एका लहान दुकानाचा अनुभव

गेल्या मार्चपासून या श्रावणापर्यंत माझ्या गाडीच्या इंजिनाचे दोन सेन्सर बदलून झाले. तिसरा घेण्यासाठी मी पैसे खिशात घालून गेलो होतो, परंतु दुकानदाराने तो विकला नाही. रत्नागिरीतील या लहानशा दुकानाविषयी लिहावेसे वाटले ते मुख्यतः त्या न झालेल्या विक्रीमुळे. दुकानाचे नाव मालकांच्या विनंतीवरून देत नाही. आहे तेच काम वेळेत उरकत नाही, आणखी गिऱ्हाईक नको, असे त्यांचे म्हणणे आहे. शहरातून हातखंब्याकडे जाताना रस्त्याच्या कडेला जांभ्याच्या भिंतींचे, पत्र्याच्या छपराचे, एका वेळी दोनच गाड्या मावतील एवढे ते दुकान आहे. पुढे सुट्या भागांची विक्री आणि मागे गाड्यांच्या वायरिंगचे काम चालते.

गाडी २०१४ ची, पेट्रोलवर चालणारी, १ लाख १८ हजार किलोमीटर झालेली हॅचबॅक आहे. समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर, घरासमोरच्या माडांखाली ती उघड्यावर उभी असते. खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि उन्हाळ्यात जांभ्याची तांबडी धूळ, एवढे तिच्या नशिबी आहे. पुढच्या प्रकारात या तिन्हींचा थोडाथोडा हात आहे, म्हणून हे आधी सांगून ठेवतो.

दुखणे सुरू झाले ते आंबा घाटात. साखरप्याहून घाट चढून वर आल्यावर गाडी काहीही पूर्वसूचना न देता बंद पडली. स्टार्टर व्यवस्थित फिरत होता, बॅटरी चांगली होती, टाकीत पेट्रोल होते, तरी इंजिन काही पेटेना. वीस-पंचवीस मिनिटे बॉनेट उघडून ठेवल्यावर पहिल्याच प्रयत्नात ते सुरू झाले, जणू काही घडलेच नव्हते. पुढच्या दोन आठवड्यांत हेच तीनदा झाले, आणि दर वेळी इंजिन चांगले तापलेले असतानाच झाले. जाणकाराला एवढ्या वर्णनावरूनच क्रँक सेन्सरचा संशय येतो.

हा सेन्सर इंजिनाच्या क्रँकशाफ्टबरोबर, म्हणजे पिस्टनांच्या जोराने फिरणाऱ्या मुख्य दांड्याबरोबर, फिरणाऱ्या दात्यांच्या चकतीसमोर बसवलेला असतो. चकतीवर ठरावीक अंतराने दाते असतात आणि एका ठिकाणी मुद्दाम एक-दोन दाते गाळलेले असतात. त्या मोकळ्या जागेवरून क्रँकशाफ्ट नेमका कुठे आहे हे इंजिनाच्या कॉम्प्युटरला समजते. साठ दात्यांतून दोन गाळलेली चकती असेल आणि इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या घेत असेल, तर सेन्सरपुढून सेकंदाला २९०० दाते जातात. हा इशारा थांबला की कॉम्प्युटरच्या लेखी इंजिन थांबलेले असते. मग तो ठिणगीही बंद करतो आणि पेट्रोलही. माझ्या गाडीत दोन तारांचा, म्हणजे आत लोहचुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे असलेला सेन्सर आहे. जुने झालेले वेटोळे एखाद्या ठिकाणी तुटते, थंड असताना टोके एकमेकांना टेकून राहतात आणि तापल्यावर फाकतात. घाटातल्या त्या वीस मिनिटांचे रहस्य एवढेच.

एवढे कळल्यावर मी जी चूक केली ती अनेक जण करतात. ऑनलाइन शोधून, गाडीच्या नावावरून आणि फोटोवरून जुळणारा, बिनब्रँडचा सेन्सर ४८० रुपयांना मागवला आणि घराजवळच्या एका गॅरेजमध्ये बसवून घेतला. तो बसला, गाडी सुरूही झाली. मात्र पहिल्या दिवसापासून सकाळी स्टार्टर नेहमीपेक्षा जास्त वेळ फिरवावा लागू लागला. पाच आठवड्यांनी पाली गावाजवळ, भर दुपारी, गाडी पुन्हा पूर्वीसारखी बंद पडली. तिथून ओढून आणलेली गाडी या दुकानात पोहोचली.

दुकानात शिरताच मी क्रँक सेन्सर मागितला. मालक चाळिशीचे असावेत. ते म्हणाले, “काका, सेन्सर देतो मी, पण आधी बघूया तरी काय झालंय ते.” त्यांनी स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडला, मला स्टार्टर मारायला सांगितले आणि पडद्यावरचा फेऱ्यांचा आकडा दाखवला. स्टार्टर इंजिन फिरवत होता आणि आकडा शून्यावर होता. क्रँक सेन्सरची ही सर्वांत सोपी परीक्षा आहे आणि सहाशे-सातशे रुपयांचे मोबाईलला जोडायचे यंत्र असेल तर ती घरीही करता येते. पी-०३३५ हा क्रँक सेन्सरच्या सर्किटचा बिघाड सांगणारा कोड दिसला तर उत्तम, पण तो नेहमी नोंदलेला असतोच असे नाही. माझ्या गाडीत आंबा घाटानंतर चेक लाइट, म्हणजे इंजिनातला बिघाड सांगणारा डॅशबोर्डवरचा दिवा, एकदाही लागला नव्हता.

यानंतर त्यांनी सेन्सर काढला, मीटर लावला आणि त्यावर गरम हवेची बंदूक धरली. थंड असताना ५४० ओहम दाखवणाऱ्या मीटरने दोन मिनिटांत आकडा दाखवणेच बंद केले. मग त्यांनी कपाटातून एक ओरिजिनल सेन्सर काढून दोन्हींची नाके, म्हणजे चकतीसमोर येणारी टोके, व्हर्नियरने मोजली. माझा ऑनलाइन सेन्सर जवळजवळ एक मिलिमीटरने आखूड होता. एवढ्याने काय होते, असे मला वाटले, तेव्हा त्यांनी समजावले की या प्रकारच्या सेन्सरला बाहेरून वीज मिळत नाही. चकती जितकी वेगात आणि जितकी जवळून फिरेल तितका त्याचा इशारा जोरकस. चकती आणि नाक यांमधले अंतर मुळातच साधारण एक मिलिमीटरचे असते. ते दुप्पट झाले, की इंजिन वेगात असताना चालून जाते. पण सकाळी स्टार्टर सावकाश फिरवत असतो तेव्हा इशारा कॉम्प्युटरपर्यंत धड पोहोचत नाही. रोज सकाळी लागणाऱ्या त्या जास्तीच्या वेळाचा उलगडा असा झाला.

मोजायला घेतलेला तो ओरिजिनल सेन्सर लांबीने जुळणारा असला तरी माझ्या गाडीचा नव्हता. त्यांनी आरसी बुकावरचा चॅसिस नंबर घेतला, त्यावरून पार्ट नंबर काढला आणि कोल्हापुरातून माल मागवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो एसटीच्या पार्सलने आला. किंमत १३५० रुपये, पक्क्या बिलासह. खरेदी करणाऱ्याने यातून एक गोष्ट जरूर घ्यावी: गाडीचे नाव आणि वर्ष सांगून सेन्सर घेऊ नये. एकाच नावाच्या गाडीत मधल्याच वर्षी सेन्सरचा प्रकार किंवा कनेक्टर बदललेला असतो, आणि विजेचा भाग एकदा खोक्यातून काढून जोडला की बहुतेक दुकानदार तो परत घेत नाहीत. गाडीच्या कंपनीच्या खोक्यातलाच माल हवा, असा आग्रहही मी धरणार नाही. बॉश, डेन्सो, एनटीके अशा कंपन्या गाडी उत्पादकांना सेन्सर पुरवतात आणि त्यांच्या स्वतःच्या खोक्यात मिळणारा, पार्ट नंबर जुळणारा माल पुष्कळदा स्वस्त पडतो. मात्र जुन्या बाजारातला सेन्सर घेण्याच्या भानगडीत कोकणात तरी कोणी पडू नये. चिपळूणला २२ जुलै २०२१ रोजी पुरात किती गाड्या बुडाल्या हे आपण पाहिले आहे. हातात येणारा सुटा भाग त्यांतल्या एखाद्या गाडीचा नसेलच, याची हमी कोण देणार?

बसवण्याचे काम पाऊण तासाचे होते. सेन्सर खालच्या बाजूला, गिअरबॉक्सच्या तोंडापाशी असल्यामुळे गाडी वर उचलावी लागली. आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली. दहा नंबरचा एकच बोल्ट होता, पण खाऱ्या हवेने गंजून बसलेला; त्यावर गंज सोडवणारे तेल मारून त्यांनी चहा घेतला आणि मलाही दिला. बोल्टला घाई केली असती तर त्याचे डोके तुटून अ‍ॅल्युमिनियमच्या आवरणात तुकडा अडकला असता आणि पावणेदोन हजारांचे काम दहा हजारांवर गेले असते. जुन्या सेन्सरच्या चुंबकाला चिकटलेला लोखंडी चुरा पाहून त्यांनी ती खाचही पुसून काढली, नव्या ओरिंगला (सीलच्या रबरी कडीला) तेलाचे बोट लावले आणि सेन्सर हाताने दाबून बसवला. हातोडी नाही, पान्याचा जोर नाही. मजुरी ४०० रुपये.

जुलैत चेक लाइट लागला. अ‍ॅव्हरेज लिटरला सतरावरून तेरावर आले होते. मोबाईलला जोडायच्या माझ्या यंत्रावर पी-०१३५ हा कोड आला. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या आतल्या हीटरचे सर्किट, असा त्याचा अर्थ. घराजवळच्या त्याच गॅरेजने कोड वाचून सेन्सर गेल्याचे सांगितले आणि ३८०० रुपये अधिक मजुरी असा भाव दिला. मी या दुकानात आलो तो तेवढ्या तयारीनेच.

ऑक्सिजन सेन्सर सायलेन्सरच्या पाइपात बसतो आणि जळून बाहेर पडणाऱ्या वायूंत प्राणवायू किती उरला हे सांगतो. त्यावरून कॉम्प्युटर दर एक ग्रॅम पेट्रोलला १४.७ ग्रॅम हवा, या प्रमाणाच्या आसपास मिश्रण राखतो. पण हा सेन्सर सुमारे तीनशे अंश सेल्सियसच्या वर तापल्याशिवाय कामाला लागत नाही, म्हणून त्याच्या पोटात हीटर असतो. हीटर बंद असला तर कॉम्प्युटर बराच वेळ अंदाजाने आणि हात सैल सोडून पेट्रोल देत राहतो. चार तारांपैकी दोन या हीटरच्या असतात. मालकांनी कनेक्टर सोडवून सेन्सरच्या बाजूने हीटर मोजला: सहा ओहम, म्हणजे धडधाकट. मग गाडीच्या बाजूने व्होल्टेज पाहिले तर ते येतच नव्हते. कनेक्टरच्या एका पिनेवर हिरवा कळंक चढला होता आणि तिच्या मागची तार आतून कुजली होती. हात लावताच ती निसटली. सेन्सर निर्दोष होता. कोड सर्किटविषयी तक्रार करत होता आणि गॅरेजवाल्याने तो सेन्सरविषयी समजून वाचला होता.

त्यांनी चांगल्या तारेपर्यंत मागे जाऊन तुकडा बदलला, नवी पिन दाबून बसवली आणि रबरी सील बदलले. मी ग्रीस लावण्याविषयी विचारले, कारण आमच्याकडे पावसाळ्यापूर्वी गाडीच्या प्रत्येक जोडाला काहीतरी चोपडण्याची पद्धत आहे. बाकीच्या कनेक्टरना त्यांनी विजेसाठीचे ग्रीस लावलेही, पण या एकाला नाही. बऱ्याच ऑक्सिजन सेन्सरना तुलनेसाठी बाहेरची स्वच्छ हवा लागते आणि ती तारेच्या आवरणातून, कनेक्टरच्या बाजूने आत जाते. तिथे ग्रीस भरले किंवा सेन्सरच्या तारा कापून डाग (सोल्डर) दिला तर सेन्सरचा श्वास कोंडतो. कापून जोडायच्या तारांचे स्वस्त सेन्सर ऑनलाइन मिळतात, तेही याच कारणाने मला नकोसे वाटतात.

नंतर इंजिन तापवून त्यांनी स्कॅनरवर आलेख दाखवला. पुढच्या सेन्सरचे व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान भराभर वर-खाली होत होते, आणि धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागचा सेन्सर जवळजवळ स्थिर होता. दोन्ही असेच असायला हवेत. या कामाचे ३०० रुपये झाले. ३८०० चा सेन्सर त्यांच्याकडे काचेच्या कपाटात समोरच होता.

तिसरा भाग कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचे, तापमान मोजणारा सेन्सर. त्याच भेटीत स्कॅनरवर इंजिनाचे तापमान मधूनच उणे चाळीस दिसत होते. रत्नागिरीत उणे चाळीस म्हणजे तार किंवा सेन्सर आतून तुटतो आहे, हे सांगायला कोणी नको. मीटरने दोष सेन्सरचाच ठरला. ४२० रुपयांत, इंजिन थंड झाल्यावर, थोडे कूलंट सांडून तो बदलला गेला.

आता उणिवा. फोन उचलला जात नाही, बसायला एकच स्टूल आहे आणि सांगितलेल्या वेळेत काम मिळण्याची शक्यता कमी आहे. माझी गाडी पहिल्या वेळी दोन दिवस आणि दुसऱ्या वेळी दीड दिवस अडकली. सुट्या भागाचे बिल पक्के मिळते, मजुरीचे मात्र कागदाच्या चिठोऱ्यावर, आणि मजुरीला कसलीही लेखी हमी नाही. तपासणीचे वेगळे पैसे ते घेत नाहीत, हे मला खरे तर पटत नाही. अर्धा तास मीटर घेऊन बसणारा माणूस काहीच विकत नसेल तर त्या अर्ध्या तासाचे मोल त्याने मागावे आणि गिऱ्हाइकाने द्यावे. मी तसे सुचवले तेव्हा ते नुसते हसले.

गाडीचे अ‍ॅव्हरेज आता सोळाच्या पुढे आहे आणि मागच्या आठवड्यात आंबा घाट दोनदा चढूनही ती थांबली नाही. पावसाळा संपल्यावर सगळे कनेक्टर उघडून पाहण्यासाठी त्यांनी मला दसऱ्यानंतरची तारीख दिली आहे. त्याआधी गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांच्या गाड्यांमधून त्यांना डोके वर काढता येणार नाही.