पियानो बटणं काढल्यावर काय बसवावं: मॉड्युलर की टच पॅनल?

नव्वदच्या दशकातल्या इमारतींमध्ये दाराशेजारी साधारण एकच चित्र दिसतं. सनमायकाचा बोर्ड, त्यावर पाच-सहा पियानो बटणं, एक सॉकेट, आणि जागा संपली म्हणून नंतर कधीतरी शेजारी ठोकलेला दुसरा छोटा बोर्ड. घर रंगवायला काढलं की दोन्ही बोर्ड उतरवून एकच प्लेट करावी असं वाटतं. मग प्रश्न येतो: साधी मॉड्युलर बटणं की काचेचं टच पॅनल?

आम्ही मॉड्युलर बसवलं. काम चालू होतं तेव्हा आमचा मुक्काम धाकट्या भावाकडे होता आणि त्याच्याकडे घरभर टच आहे. त्यामुळे दोन्हींबरोबर राहून झालं आहे.

दिसायला टच उजवं, यात वाद नाही. फटी नाहीत, कडा नाहीत, धूळ साचत नाही. दोन बोर्डांचा एक करायचा तर तिथेही त्याचीच सरशी, कारण दोन मॉड्युलच्या, म्हणजे प्लेटवरच्या दोन खणांच्या, जागेत चार-चार पॉइंट मावतात. मॉड्युलरमध्ये हिशोब घालावा लागतो. बटणाला एक मॉड्युल, सहा अँपिअरच्या सॉकेटला दोन, रेग्युलेटरला कंपनीप्रमाणे एक किंवा दोन. आमच्या हॉलमधले दोन बोर्ड एकत्र करताना सहा बटणं, एक सॉकेट आणि मोठा रेग्युलेटर मिळून दहा मॉड्युल झाले, म्हणजे प्लेट बाराची. पुढेमागे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा घेणार असाल तर रेग्युलेटर वगळाच. त्या पंख्याला रेग्युलेटर चालत नाही, वेग रिमोटवर असतो, आणि तेवढी जागा वाचते.

आता माझ्यापुरता निकाल ज्या गोष्टीने लागला ती सांगतो. मे महिन्यात रात्री वीज जाते आणि दोन मिनिटांत परत येते. साध्या बटणाच्या घरात पंखा आपोआप फिरू लागतो आणि बऱ्याचदा आपल्याला जागही येत नाही. भावाकडे वीज यायची, पण पंखा बंदच राहायचा. त्याचं पॅनल वीज गेली की सगळे पॉइंट बंद धरतं आणि वीज आल्यावर कोणी हात लावेपर्यंत तसंच थांबतं. सगळ्यांत आधी आईला घाम फुटायचा. ती अंधारात उठून भिंत चाचपायची, पण चाचपून हाताला लागणार काय? काच सगळीकडे सारखीच. पंखा शोधता शोधता ट्यूब लागायची आणि मग सगळेच जागे. असं एकदाच झालं असतं तर सोडून दिलं असतं, पण त्या भागात उन्हाळ्यात हे नेहमीचंच होतं.

बाजारात आधीची स्थिती लक्षात ठेवणारी पॅनलंही मिळतात, त्यामुळे सगळ्यांना एकाच मापाने मोजू नये. टच घ्यायचं ठरलं असेल तर दुकानात पॅनलला वीज जोडायला लावा, एक पॉइंट चालू करा, मेन बंद करून पुन्हा चालू करा आणि काय होतं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. 'मेमरी आहे साहेब' या आश्वासनावर थांबू नका. साध्या बटणाला ही परीक्षा लागत नाही. खटका ठेवला तिथेच राहतो, आणि पहिलं पंख्याचं, दुसरं दिव्याचं हे बोटांना आठवड्याभरात पाठ होतं. घरात वयस्कर माणसं असतील तर मला हे काचेच्या देखणेपणापेक्षा मोठं वाटतं.

दुरुस्तीबद्दल थोडक्यात. मॉड्युलरमधलं एक बटण गेलं तर तेवढंच काढून बदलता येतं, आणि ते कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकलच्या दुकानातही मिळतं. टचमधला एक पॉइंट गेला की बहुधा आतलं अख्खं सर्किट बदलावं लागतं. पाच-सात वर्षांनी तेच मॉडेल मिळेल का, हा विचार ज्याने त्याने करावा.

टचची एक बाजू मात्र मनापासून मान्य आहे. पलंगावरून दिवा बंद करायचा तर साध्या बटणांना टू-वे करावं लागतं. दोन्ही जागी तीन टर्मिनलची बटणं आणि त्यांच्यामध्ये जादा वायरी. पाइपमध्ये जागा नसेल तर भिंतीला झिरी मारणं आलं. टचबरोबर रिमोट येत असेल तर ही फोडाफोडी वाचते. भाड्याच्या घरात किंवा नुकताच रंग दिलेल्या खोलीत हा फायदा लहान नाही. आमच्याकडे भिंती उघड्याच होत्या, म्हणून दोन्ही बेडरूममध्ये टू-वे करून घेतलं.

मोबाइलवरून चालू-बंद करायची हौस असेल तर मधला रस्ताही आहे. बटणं साधीच ठेवून त्यांच्या मागे वाय-फायचं छोटं यंत्र बसवतात. त्यासाठी भिंतीतला बॉक्स खोल हवा आणि बोर्डात न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी वायर, हवी. सॉकेट असलेल्या बोर्डात न्यूट्रल असतेच, पण जिन्यातल्या किंवा बाल्कनीतल्या नुसत्या बटणांच्या बोर्डात बरेचदा नसते. न्यूट्रलशिवाय चालणारी टच पॅनलंही असतात, पण ती दिव्यातून थोडा करंट जाऊ देतात. त्यामुळे बटण बंद असूनही एलईडीचा झिरो बल्ब मिणमिणत राहू शकतो.

पुण्यात असाल तर ऑर्डर देण्याआधी तापकीर गल्लीत आणि मुंबईत असाल तर लोहार चाळीत एक चक्कर मारा. दोन्ही प्रकार हातात घेऊन, दाबून बघता येतात. बोर्ड उघडला की वायरमनकडून एक तपासून घ्या: बटणावर फेजच, म्हणजे वीज आणणारी वायरच, आली आहे ना. जुन्या घरांत कधीकधी बटणाने फेजऐवजी न्यूट्रल तोडलेली सापडते, म्हणजे बटण बंद असूनही होल्डरमध्ये करंट असतो. गीझर आणि एसी या एकत्र प्लेटमध्ये ओढू नका, त्यांची लाइन वेगळीच राहू द्या. आणि बारा मॉड्युलच्या प्लेटमध्ये दोन जागा डमी (कोरी झाकणं) लावून मोकळ्या ठेवा, म्हणजे पुढे एखादा दिवा वाढला तर शेजारी पुन्हा छोटा बोर्ड ठोकावा लागणार नाही.