गरोदरपणातला धमन्यांचा ताठरपणा: जांघेतली नाडी की दंडावरचा कफ?

निरोगी गरोदर स्त्रियांच्या धमन्यांचा ताठरपणा पहिल्या तिमाहीपासून बाळंतपणापर्यंत नोंदवू इच्छिणाऱ्या डॉक्टरांसमोर आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांसमोर शेवटी दोनच वाटा उरतात. मानेतल्या आणि जांघेतल्या नाडीवर टोनोमीटर (त्वचेवरूनच नाडीची लहर टिपणारे पेन्सिलीसारखे उपकरण) टेकवून नाडीच्या लहरीचा वेग काढायचा, किंवा दंडाला कफ बांधून त्यातल्या दाबाच्या चढउतारांवरून तो ताडायचा. धमनी जितकी ताठर तितकी ही लहर जलद धावते, आणि लहरीने कापलेले अंतर भागिले तिला लागलेला वेळ म्हणजे हा वेग. कोल्हापुरात काम करताना मी आधी पहिली पद्धत वापरली आणि नंतर दुसरीकडे वळलो. प्रत्येकाने तसेच करावे असा माझा आग्रह नाही. परंतु ज्या कारणाने मी वळलो ते यंत्रासोबतच्या माहितीपत्रकात कोठेच सापडत नाही, म्हणून ते येथे सविस्तर मांडतो.

शास्त्राच्या बाजूने पाहिले तर मान-जांघ पद्धतीचे पारडे निःसंशय जड आहे. त्या दोन बिंदूंमध्ये महाधमनीचा मोठा भाग येतो, आणि ताठरपणा जिथे खरोखर महत्त्वाचा असतो ती जागा तीच. २००७ च्या युरोपीय मार्गदर्शिकेने सेकंदाला १२ मीटर ही धोक्याची मर्यादा याच पद्धतीसाठी दिली होती, आणि २०१२ च्या तज्ज्ञ-सहमतीने मान ते जांघ या थेट अंतराचे ८० टक्के धरून ती १० मीटरवर आणली. मात्र आपल्या कामात या मर्यादेचा फारसा उपयोग होत नाही, कारण निरोगी तरुण स्त्रीत हा वेग साधारण ५ ते ७ मीटरच्या घरात असतो. आपल्याला पाहायची असते ती तिच्या स्वतःच्याच आकड्यांची रेघ, जी गरोदरपणाच्या मध्यावर थोडी उतरते आणि शेवटच्या तिमाहीत पुन्हा चढते. ती रेघ काढायची तर तीच स्त्री पुन्हा पुन्हा मोजणीला यायला हवी, आणि माझी अडचण नेमकी तिथे सुरू झाली.

जांघेतली नाडी शोधायची म्हणजे परकराची नाडी सैल करावी लागते, कपडे बाजूला करावे लागतात, बोटांनी ठोका चाचपावा लागतो आणि मग पेन्सिलीएवढा प्रोब दाबून सलग ठोक्यांचा स्वच्छ आलेख मिळेपर्यंत हात स्थिर ठेवावा लागतो. सातव्या महिन्यानंतर पोट जांघेच्या घडीवर येते आणि ते हाताने वर धरायला आणखी एक माणूस लागतो. मी पुरुष असल्याने हे काम एका परिचारिकेला शिकवले. तिचा हात चांगला बसला, परंतु तिची पाळी बदलली की मोजणारा हातही बदलत असे, आणि हात बदलला की आकडा थोडा सरकल्याची शंका मनात राहत असे. हेही मी चालवून घेतले असते. गगनबावड्याच्या बाजूने एसटीने आलेली एक स्त्री मात्र दुसऱ्या भेटीत हळू आवाजात म्हणाली, “सर, मानंतलं बघा, हातातलं बघा, पर तेवढं नको.” तिसऱ्या भेटीला ती आली नाही. तिच्यासारख्या आणखी काहीजणी गळाल्या, आणि त्यांच्या सासवांनी किंवा नवऱ्यांनी दिलेली कारणे वेगवेगळी असली तरी खरे कारण मला माहीत होते. आजारी माणूस तपासणीतला संकोच बरे होण्यासाठी सोसतो. या स्त्रिया तर धडधाकट होत्या. केवळ आपल्या अभ्यासासाठी त्यांनी तो दर दोन-तीन महिन्यांनी का सोसावा, याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

मान-जांघ पद्धतीच्या स्फिग्मोकॉर या यंत्राच्या एक्ससेल या नव्या प्रकारात जांघेऐवजी मांडीला कफ बांधतात, त्यामुळे प्रश्न बराच हलका होतो. तरीही जांघेतल्या नाडीपासून कफापर्यंतचे अंतर टेपने मोजावेच लागते आणि मानेवर टोनोमीटर धरणारा सरावलेला हातही लागतोच.

दंडावरच्या कफाने यातले बहुतेक सगळे टळते. ब्लाउजची बाही थोडी वर सरकवली की काम होते, आणि रक्तदाब मोजून घेण्याची सवय प्रत्येक गरोदर स्त्रीला असतेच. अर्थात सगळे कफ सारखे नाहीत, आणि ही निवड जपून करावी असे मला वाटते. बुडापेस्टचे आर्टेरिओग्राफ हे यंत्र कफाचा दाब वरच्या रक्तदाबाच्याही ३५ मिलिमीटर वर नेऊन धमनी काही क्षण बंद करते, आणि हृदयाकडून येणारी पहिली लहर व खालून परतणारी दुसरी लहर यांच्यातला वेळ मोजते. परतणारी लहर नेमकी कोठून परतते याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत, म्हणून या आकड्याला अंदाज म्हणणेच प्रामाणिकपणाचे ठरेल. जर्मन बनावटीचे मोबिल-ओ-ग्राफ खालच्या रक्तदाबाच्या पातळीवर सुमारे १० सेकंद लहरी टिपते आणि हाताला पुष्कळ सुसह्य आहे, परंतु त्यातला वेग मुख्यत्वे वय आणि वरचा रक्तदाब यांवरून काढला जातो. पंचविशीच्या आसपासच्या, रक्तदाब सर्वसाधारण असलेल्या स्त्रियांच्या गटात असा वेग मोजून आपण ताठरपणा पाहिला की वय आणि दाबच फिरून पाहिले, हा प्रश्न मला सतावतो. म्हणून हात आवळत असला तरी मी पहिला प्रकार पत्करला. काही क्षण हात चांगलाच आवळला जाईल हे आधीच सांगितले, तर बहुतेकजणी निश्चिंत राहतात.

झोपवण्याचा प्रश्न दोन्हीकडे आहे. विसाव्या आठवड्यानंतर पाठीवर उताणे झोपवले की गर्भाशयाचा भार खालच्या महाशिरेवर पडतो, रक्तदाब उतरतो, घाम फुटतो, गरगरते. घरातली जाणती बाई डाव्या कुशीवर झोपायला सांगते, आणि मोजणीतही तिचेच ऐकावे. परंतु पूर्ण कुशीवर वळवले तर वरच्या बाजूचा दंड हृदयापेक्षा उंच जातो, आणि १० सेंटिमीटर उंचीला दाब साधारण साडेसात मिलिमीटरने कमी दिसतो. उजव्या कुल्ल्याखाली पाचर किंवा घडी केलेली चादर सारून अंग थोडेच डावीकडे कलते ठेवावे आणि दंडाला हृदयाच्या पातळीवर आधार द्यावा. मान-जांघ पद्धतीत असे कलते ठेवूनही मापन होते, परंतु जांघ शोधणे आणखी अवघड होते आणि वेळ लांबतो. कफाचे दोन-तीन मिनिटांत आटोपते.

अंतराच्या बाबतीत मात्र दंडाच्या बाजूचेही दुखणे सांगायला हवे. आर्टेरिओग्राफला छातीच्या वरच्या खाचेपासून जघनास्थीपर्यंतचे अंतर द्यावे लागते. वाढत्या पोटावरून टेप नेली तर अंतर फुगते, त्यासोबत वेग फुगतो, आणि शेवटच्या तिमाहीतला चढ खरा की टेपचा हे कळेनासे होते. ५० सेंटिमीटरच्या अंतरात २ सेंटिमीटरची चूक म्हणजे ४ टक्के, म्हणजेच ६ मीटरच्या वेगात जवळजवळ पाव मीटर; आणि निरोगी गरोदरपणातला बदलही अशाच अंशांत असतो. हाडांमधले अंतर गरोदरपणात बदलत नाही. म्हणून मी ते पहिल्या भेटीतच, पोट दिसू लागण्याआधी, साडीवरूनच चाचपून सरळ रेषेत घेतो आणि पुढच्या सर्व भेटींत तेच वापरतो. मान-जांघ पद्धतीतही हीच युक्ती चालते, परंतु तिथे नाडीचा नेमका बिंदू दर वेळी थोडा इकडेतिकडे होतो.

दोन्ही पद्धतींची यंत्रे ऑगमेंटेशन इंडेक्सही, म्हणजे परतणाऱ्या लहरीमुळे दाबात किती भर पडते हे दाखवणारा निर्देशांकही, देतात. गरोदरपणात नाडी मिनिटाला १० ते २० ठोक्यांनी वाढते आणि नाडी वाढली की हा निर्देशांक आपोआप उतरतो, तेव्हा ७५ ठोक्यांवर आणलेला आकडाच पाहावा आणि त्यावरही फार विसंबू नये. घोट्याला कफ बांधणाऱ्या यंत्रांचा मी विचार केला होता, पण शेवटच्या महिन्यांत पायांना येणारी सूज पाहून सोडून दिला.

ज्यांच्याकडे पूर्ण वेळ एकच प्रशिक्षित स्त्री-तंत्रज्ञ आहे, आडोशाची शांत खोली आहे आणि ज्यांच्या अभ्यासात मोजक्याच स्त्रिया आहेत, त्यांनी टोनोमीटरच घ्यावा. त्यांचे आकडे माझ्यापेक्षा भक्कम असतील. करवीर, कागल, राधानगरीच्या खेड्यांतून सकाळची एसटी धरून येणाऱ्या स्त्रियांसोबत काम करणाऱ्यांना मी कफच सुचवेन. त्यातही पहिल्या तिमाहीत, ज्या स्त्रिया आपणहून तयार असतील त्यांच्यात, एकदाच दोन्ही पद्धतींनी मोजून ठेवावे. आपला कफ जांघेच्या मापापासून किती दूर आहे हे मग आपल्याच वहीतून कळते, आणि पुढच्या भेटींत कोणालाही परकराची नाडी सोडावी लागत नाही.