खान्देशात छोटी इलेक्ट्रिक गाडी घेताना: टियागो, कॉमेट, पंच की ईसी3?

कंपनीच्या कॅटलॉगमधली रेंज ज्या चाचणीतून येते, त्या चाचणीत मे महिन्यातलं जळगाव नसतं. 45 अंश तापमान, दुपारी भुसावळ रोडवर सुरू असलेला एसी आणि गाडीत चार माणसं, असा हिशेब तिथे कोणी मांडत नाही. म्हणून जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत वापरायची गाडी निवडताना छापील रेंज बाजूला ठेवा आणि गाडी 100 किलोमीटरला किती युनिट खाते ते पाहा. बॅटरीचा किलोवॅट-अवर म्हणजे विजेच्या बिलावरचंच युनिट, त्यामुळे हिशेब कागदावर दोन ओळींत होतो.

आधी चारही गाड्यांची ओळख. टाटा टियागो ईव्ही 2022 मध्ये 19.2 आणि 24 युनिटच्या बॅटरीत आली. एमजी कॉमेट 2023 ची, बॅटरी 17.3 युनिटची, लांबी तीन मीटरलाही थोडी कमी. टाटा पंच ईव्ही जानेवारी 2024 मध्ये 25 आणि 35 युनिटच्या बॅटरीत आली. सिट्रोएन ईसी3 ची बॅटरी 29.2 युनिटची. बाजारात येताना सांगितलेली रेंज टियागोसाठी 250 आणि 315, कॉमेटसाठी 230, पंचसाठी 315 आणि 421, तर ईसी3 साठी 320 किलोमीटर होती.

आता प्रत्यक्षात काय मिळतं ते पाहू. 24 युनिटची टियागो थंडीत, एसी बंद ठेवून, शहरात 100 किलोमीटरला 10 युनिटच्या आसपास घेते. उन्हाळ्यात एसी सरासरी एक किलोवॅट ओढतो. अजिंठा चौफुली ते पिंप्राळा अशा गर्दीत गाडीचा सरासरी वेग ताशी 25 च्या पुढे जात नाही, म्हणजे 100 किलोमीटरला चार तास लागतात आणि त्या चार तासांत एसीच चार युनिट खातो. एकूण 14 युनिट झाले, रेंज उतरली 170 वर. तोच एसी महामार्गावर ताशी 80 ला 100 किलोमीटरमागे सव्वा युनिटच खातो. उन्हाळ्यात रेंज महामार्गावर जास्त घटते असा बऱ्याच जणांचा समज असतो. एसीपुरतं बोलायचं तर खरा फटका शहरातल्या संथ गर्दीत बसतो. महामार्गावर रेंज खातो तो वेग: एसीसह 80 ला 12 युनिट, 100 ला 15 ते 16.

हेच आकडे आपल्या रस्त्यांवर लावा. जळगाव ते धुळे सुमारे 95 किलोमीटर आहे. ताशी 100 ने गेलात तर टियागो 100 टक्क्यांवरून 10 टक्क्यांवर येईपर्यंत जेमतेम 140 किलोमीटर जाते. म्हणजे जाणं निवांत, पण धुळ्यात चार्ज केल्याशिवाय परत येणं नाही. धुळे ते नाशिक 160 च्या आसपास आणि वर सुमारे 300 मीटरचा चढ. चार माणसांच्या टियागोला दर 100 मीटर चढाईला साधारण 0.45 युनिट जादा लागतं, म्हणजे इथे दीड युनिटच्या जवळपास. ताशी 80 धरली तर एका दमात पोचता येतं, पण काठावर. परतीला उतार असल्याने तीच गाडी आरामात येते. शहादा ते तोरणमाळ अंतर फार नाही, पण चढ हजार मीटरच्या घरात जातो आणि साडेचार युनिट त्यातच जातात. वर जाताना टक्केवारी झपाट्याने उतरली तर घाबरू नका, उतरताना मोटरच वीज बनवून गाडी रोखते आणि अशा ब्रेकिंगमधून त्यातलं निम्म्याहून जास्त परत मिळतं. मात्र बॅटरी 100 टक्के भरलेली असेल तर ती ही वीज घेऊच शकत नाही आणि सगळा भार साध्या ब्रेकवर पडतो. घाट उतरायचा असेल तर 90 च्या खाली असलेली बॅटरी बरी.

कॉमेटला या रस्त्यांवर नेऊ नये. तिला डीसी फास्ट चार्जिंग (रस्त्यावरच्या मोठ्या चार्जरवरचं जलद चार्जिंग) नाहीच. सुरुवातीच्या गाड्यांना 3.3 किलोवॅटच्या चार्जरवर पूर्ण भरायला सात तास लागतात, 2024 मध्ये आलेल्या 7.4 किलोवॅटच्या व्हेरिएंटला साडेतीन. वाटेत कुठे थांबून तासाभरात पुढे निघण्याची सोय या गाडीत नाही. चाकं 12 इंची, त्यामुळे खड्ड्याचा दणका थेट बसतो. मागची सीट उभी असेल तर डिकीत किराण्याच्या दोन पिशव्या मावतात, तेवढंच. पण जळगावात फुले मार्केटच्या आसपास किंवा धुळ्यात पाचकंदीलला गाडी लावायची असेल तर तिच्यासारखी दुसरी नाही. 4.2 मीटर टर्निंग रेडियसमुळे अरुंद गल्लीतही ती एका झटक्यात वळते. घरात दुसरी गाडी आहे आणि रोजचं जाणं-येणं 30-40 किलोमीटरच्या आत आहे, त्यांच्यासाठी ती चोख आहे. घरात एकच गाडी असेल तर घेऊ नका.

कॉमेट बॅटरी भाड्याने घेऊनही मिळते. सप्टेंबर 2024 मध्ये ही योजना आली तेव्हा गाडी 4.99 लाखांना आणि बॅटरीचे किलोमीटरमागे अडीच रुपये, असा दर होता. बॅटरीसह किंमत तेव्हा 6.99 लाख होती, म्हणजे दोन लाखांचा फरक 80 हजार किलोमीटरला फिटतो. त्याच्या आत थांबणाऱ्याला भाडं स्वस्त पडतं, पुढे जाणाऱ्याला महाग. विजेचे दीड रुपये धरले तर किलोमीटरला चार रुपये खर्च येतो, म्हणजे पेट्रोलपेक्षा बचत फारशी उरत नाही. करारात दरमहा किमान किलोमीटरची अट आहे का, हे सही करण्यापूर्वी वाचा.

ईसी3 च्या बॅटरीला हवेने थंड ठेवतात, टियागो आणि पंचमध्ये कूलंट फिरतो. थंड प्रदेशात हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा असेल, खान्देशात नाही. रस्त्यावर तापलेली बॅटरी घेऊन दुपारी तीनला फास्ट चार्जरवर गेलं की गाडी स्वतःच चार्जिंगचा वेग कमी करते, आणि तापलेल्या बॅटरीचं वयही लवकर वाढतं. त्यात मार्च 2024 च्या ग्लोबल एनकॅप क्रॅश चाचणीत प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी ईसी3 ला शून्य तारे मिळाले. जागा ऐसपैस आहे, सस्पेन्शन मऊ आहे, तरी आमची शिफारस नाही. पंच ईव्हीला जून 2024 मध्ये भारत एनकॅपचे पाच तारे मिळाले आहेत.

गाडी कोणतीही घ्या, मनस्ताप होतो तो बहुधा घरच्या वायरिंगमुळे. 3.3 किलोवॅटचा चार्जर 15 अँपिअर सलग आठ-नऊ तास ओढतो. गिझर 15 मिनिटं चालतो, त्याच्या लाइनवर हे जमत नाही. मीटरपासून थेट वेगळी लाइन ओढा: 4 स्क्वेअर एमएम तांब्याची वायर, 20 अँपिअरचा एमसीबी (जादा भार आला की लाइन तोडणारा स्विच), 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) आणि साध्या पांढऱ्या सॉकेटऐवजी निळा 16 अँपिअरचा इंडस्ट्रियल सॉकेट. साधा सॉकेट आतल्या सैल स्क्रूपाशी तापतो, प्लास्टिक पिवळं पडतं आणि एक दिवस पिन चिकटून बसते. पहिल्या आठवड्यात तासभर चार्जिंग झाल्यावर सॉकेटला हात लावून पाहा. कोमट चालेल, चटका बसत असेल तर लगेच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा.

अर्थिंगचा त्रास आपल्याकडे मोसमी आहे. काळी जमीन उन्हाळ्यात वाळून भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातला ओलावा जातो आणि अर्थिंगचा रेझिस्टन्स वाढतो. फेब्रुवारीपर्यंत बिनतक्रार चाललेला चार्जर एप्रिलमध्ये लाल दिवा दाखवून थांबतो आणि लोक गाडी घेऊन सर्व्हिस सेंटरला जातात. आधी मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजा. ते 2-3 व्होल्टच्या आत हवं. जास्त असेल तर खड्ड्यात पाणी घाला, दोन दिवसांनी पुन्हा मोजा. तरी फरक पडला नाही तर केमिकल अर्थिंग करून घ्या.

रावेर-यावलकडच्या किंवा शिरपूरकडच्या गावात, जिथे घरांचा आणि शेतीपंपांचा भार एकाच डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) आहे, तिथे पंप सुरू असताना व्होल्टेज 180 पर्यंत उतरतं आणि चार्जिंग मधेच तुटतं. पंप बंद असतानाची वेळ पकडा. बहुतेक ठिकाणी मध्यरात्रीनंतर व्होल्टेज सुधारतं आणि तेव्हा गाडीही थंड झालेली असते. उन्हातून आल्याआल्या प्लग लावण्यापेक्षा हे बॅटरीलाही बरं.

7.2 किलोवॅटचा चार्जर घ्यावा का? 24 युनिटची टियागो 10 वरून 100 टक्के व्हायला साध्या चार्जरवर 8.7 तास लागतात आणि 7.2 वर 3.6 तास. रात्रभर गाडी घरीच उभी असेल तर हा जादा पैसा वाया जातो, शिवाय मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो आणि वायर जाड टाकावी लागते. लोडशेडिंगच्या गावात मात्र त्याचा उपयोग आहे, वीज मिळेल त्या चार तासांत काम उरकतं. 35 युनिटची पंच घेत असाल तर 7.2 चाच घ्या, साध्या चार्जरवर तिला साडेतेरा तास लागतात.

रस्त्यावरच्या फास्ट चार्जिंगबद्दल थोडक्यात. टियागोला 10 ते 80 टक्क्यांना 58 मिनिटं लागतात, म्हणजे 16.8 युनिट तासाभरात. चार्जर 60 चा असो की 120 किलोवॅटचा, ही गाडी तेवढीच वीज घेते. त्यामुळे 30 चा रिकामा चार्जर दिसला तर तोच घ्या, मोठ्यासाठी रांग लावू नका. गन, म्हणजे चार्जरच्या केबलचा प्लग, सीसीएस2 प्रकारची हवी. काही जुन्या ठिकाणी 15 किलोवॅटची जीबीटी या दुसऱ्या प्रकारची गन आहे, ती यातल्या एकाही गाडीला बसत नाही. निघण्यापूर्वी अ‍ॅपवर त्या चार्जरवर शेवटचं चार्जिंग कधी झालं ते पाहा. दोन-तीन दिवसांत कोणी केलेलं नसेल तर तो बंद आहे असं समजून दुसरा शोधा.

पैशाचा हिशेब युनिटच्या दरावर फिरतो आणि शोरूममध्ये तो नेहमी सर्वात खालच्या दराने मांडतात. दिवसाला 40 किलोमीटर म्हणजे महिन्याला 1200. चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज (गळती) धरून 170 युनिट होतात. ही वाढ घरगुती बिलात 100 युनिटच्या वरच्या टप्प्यात पडते, म्हणून युनिटला 12 रुपये धरा. किलोमीटरला 1 रुपया 70 पैसे झाले. पेट्रोल 105 ला आणि गाडी लिटरला 18 देत असेल तर 5 रुपये 80 पैसे. सार्वजनिक फास्ट चार्जरवर युनिटला 20 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी धरला तर सव्वातीन रुपये. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला, इलेक्ट्रिकवर तो आधीपासूनच 5 टक्के होता, त्यामुळे किमतीतलं अंतर वाढलं. आरटीओचा कर वाचतो ते वजा करून पेट्रोल ऑटोमॅटिक आणि 24 युनिटच्या टियागोत पावणेतीन लाखांचा फरक धरला तर तो 67 हजार किलोमीटरला फिटतो. रोज 40 चालवणाऱ्याला पावणेपाच वर्षांच्या आत. रोज 15 चालवणाऱ्याने केवळ बचतीसाठी इलेक्ट्रिक घेऊ नये. छतावर सोलर असेल तर चित्र पालटतं: आपल्या उन्हात एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतं, गाडीपुरतं दीड किलोवॅट पुरे. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78 हजारांचं अनुदान आहे. सोलर नसेल तर महावितरणचा ईव्ही चार्जिंगसाठी वेगळा दर आहे, त्यासाठी स्वतंत्र मीटर घेता येतो का ते विचारा.

आमची पसंती 24 युनिटच्या टियागोला. 19.2 ची स्वस्त दिसते, पण मे महिन्यात शहरात ती 135-140 वर येते आणि लगीनसराईत अमळनेर-पारोळा करून परत यायचं म्हटलं की जीव टांगणीला लागतो. महिन्यातून दोनदा तरी नाशिक किंवा संभाजीनगर होत असेल आणि खिसा परवानगी देत असेल तर 35 युनिटची पंच. 190 मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या तळाची उंची) गावाकडच्या रस्त्यांवर कामाला येतो, टियागोचा 166 आहे.

टियागो आणि कॉमेट दोन्हींत स्टेपनी नसते, पंक्चर किट असतं. साइडवॉल फाटली तर किट निरुपयोगी, म्हणून टोइंगचा नंबर मोबाइलमध्ये ठेवा. दुसरं, 12 व्होल्टची छोटी बॅटरी. ती बसली की मोठी बॅटरी 80 टक्के भरलेली असूनही गाडी चालू होत नाही. आपल्या उन्हात तिचं आयुष्य दोन-तीन वर्षांचं. रात्रभर उभ्या गाडीत ती 12.4 व्होल्टच्या खाली दिसू लागली की बदला.

जुनी टियागो बघायला गेलात तर किलोमीटरवर विश्वास ठेवून व्यवहार करू नका. गाडी 20 टक्क्यांवर आणून घरच्या चार्जरवर 100 पर्यंत भरा आणि मीटरवर किती युनिट पडले ते मोजा. 24 च्या बॅटरीला गळतीसह 22 च्या आसपास पडायला हवेत. 18 पडले तर बॅटरी पाचव्या हिश्शाने उतरली आहे. मग किमतीतून तेवढं कापून घ्या, आणि 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटरची बॅटरी वॉरंटी तुमच्या नावावर होते का, हे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून लेखी घ्या.