महिलांच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा चेंडू गुहागरच्या वाळूत

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचा, म्हणजे लांबट चेंडूने हातापायांनी खेळायच्या ऑस्ट्रेलियातील खेळाचा, चामडी चेंडू मुलीच्या हट्टापायी मागवला. लहानपणी मुलांबरोबर खेळणाऱ्या एरिन फिलिप्सला पुढे मुलींसाठी वाटच नसल्याने बास्केटबॉलकडे वळावे लागले, आणि 2017 साली महिलांची लीग सुरू होताच, वयाच्या 31व्या वर्षी परतून तिने पहिल्याच हंगामात ॲडलेड संघासह विजेतेपद आणि लीगमधील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान मिळवला, हे कळल्यापासून कन्येला दुसरे काही सुचत नाही.

महिलांचा चेंडू पुरुषांच्या चेंडूहून किंचित लहान असतो. विक्रेत्याने मोठा पाठवला आणि बदलून देण्यास सतरा दिवस लावले. चेंडूबद्दल मात्र तक्रार नाही. शिवण घट्ट आहे, आणि या खेळात चेंडू फेकण्यास मनाई असल्याने तो एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसताना पकड सुटत नाही. ओल्या वाळूवर त्याची उसळी न सोललेल्या नारळासारखी, कुठे जाईल याचा नेम नाही. दोनदा तो सुरूच्या बनातून शोधून आणावा लागला. खाऱ्या पाण्याने चामडे कडक होत असल्याने खेळून झाल्यावर तो ओल्या फडक्याने पुसून पडवीत, सावलीतच वाळवावा. पावसाळ्यात बुरशीची धास्ती आहेच, तेव्हा रोज किनाऱ्यावरच खेळणाऱ्यांनी सरळ रबरी चेंडू घ्यावा.