पेशीच्या पृष्ठभागावरचं एचएसपी७०: 'सीएमएचएसपी७०.१' क्लोन घ्यावा का?

थेट उत्तर: हा क्लोन म्हणजे एचएसपी७० ला पकडणारी, एकाच पेशीवंशातून बनवलेली अँटिबॉडी. जिवंत पेशींवर, फ्लो सायटोमीटरवर (रंगवलेली पेशी एकेक करून लेझरसमोरून नेऊन मोजणारं यंत्र) काम असेल तर घ्या. वेस्टर्न ब्लॉटसाठी (फोडलेल्या पेशींतली प्रोटीनं आकाराने वेगळी करून ओळखण्याची चाचणी) लागत असेल तर सी९२एफ३ए-५ हा जुना क्लोन पुरतो.

एचएसपी७० हे मुळात पेशीच्या आतलं, ताणात वाढणारं 'हीट शॉक' प्रोटीन. त्याला बाहेर पाठवणारा सिग्नल पेप्टाइड नाही, पटलात रुतून बसणारा तुकडाही नाही. तरी ताण पडल्यावर ते काही पेशींच्या पटलावर दिसतं, पण तिथे त्याचा थोडाच भाग बाहेर उघडा असतो. सीएमएचएसपी७०.१ ही उंदराची आयजीजी१ (अँटिबॉडीचा एक प्रकार) अँटिबॉडी नेमका तोच भाग पकडते: ४५४ ते ४६१ ही आठ अमिनो आम्लं, एकाक्षरी चिन्हांत एनएलएलजीआरएफईएल. नेहमी पेशीत असणाऱ्या एचएससी७० या त्याच्या जुळ्या प्रोटीनमध्ये याच जागी 'आर'ऐवजी 'के' आहे, म्हणजे आर्जिनिनच्या जागी लायसिन. एवढ्याशा फरकावर सगळा खेळ. सी९२एफ३ए-५ चं बंधनस्थान ४३६ ते ५०३ या पट्ट्यात दाखवलेलं आहे आणि ही आठ आम्लंही त्याच पट्ट्यात येतात. पण पट्टा एक म्हणून पटलावरचं बंधनही तसंच होईल असं धरून चालू नका.

एफआयटीसी हे हिरवं चमकणारं रंगद्रव्य लावलेल्या अँटिबॉडीची बाटली २ ते ८ अंशांवर, अंधारात ठेवायची. फ्रीझरमध्ये ठेवली की संपली. उघडण्याआधी काही सेकंद सेंट्रिफ्यूज करा, कारण झाकणाला लागलेले थेंब इतक्या छोट्या बाटलीत परवडत नाहीत.

आता खरी अडचण. अँटिबॉडी चांगली असूनही निकाल फसतो, आणि बहुतेक वेळा दोष मेलेल्या पेशींचा असतो. पटल फाटलं की आतलं भरपूर एचएसपी७० अँटिबॉडीच्या हाती लागतं आणि ग्राफवर झकास 'पॉझिटिव्ह' डोंगर उभा राहतो. त्यामुळे ७-एएडी किंवा प्रोपिडियम आयोडाइड या फक्त मेलेल्या पेशी रंगवणाऱ्या डायशिवाय हा प्रयोग करूच नये. आधी फिक्स करून (रसायनाने पेशी आहे तशी गोठवून) मग अँटिबॉडीने रंगवणं हीसुद्धा तीच चूक: फॉर्मल्डिहाइडने पटल थोडं गळतं, मिथेनॉलने तर दारच उघडतं. फिक्स करायचंच असेल तर रंगवून झाल्यावर १ टक्का पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये करा. मात्र तेव्हा ७-एएडी चालत नाही, फिक्स होणारा डाय लागतो. तो फिक्स करण्याआधी, साध्या पीबीएसमध्ये (मिठाचं बफर द्रावण) लावा. सीरम असलं तर डाय त्यातल्या प्रोटीनलाच चिकटून वाया जातो.

रक्तातून पेशी वेगळ्या काढताना फायकॉल (पेशी घनतेनुसार वेगळं करणारं द्रावण) १.०७७, ४०० जी, ३० मिनिटं, ब्रेक बंद. नंतर २०० जी वर १० मिनिटांचे दोन वॉश, म्हणजे प्लेटलेट वर राहून निघून जातात. मोनोसाइटला चिकटलेल्या प्लेटलेट सिग्नलमध्ये गोंधळ घालतात. कल्चर प्लेटच्या तळाला चिकटलेले मोनोसाइट ट्रिप्सिन या एन्झाइमने सोडवू नका, पृष्ठभागावरची प्रोटीनं कापली जातात. थंड ईडीटीए वापरा.

१० लाख पेशी, १०० मायक्रोलिटर थंड पीबीएस, त्यात २ टक्के सीरम. आधी एफसी ब्लॉक (अँटिबॉडी पेशीला भलतीकडेच चिकटू नये म्हणून) १० मिनिटं, त्यानंतर वॉश न करता अँटिबॉडी. माहितीपत्रकातलं प्रमाण शेवटचा शब्द मानू नका; १, २.५, ५ आणि १० मायक्रोलिटरवर एकदा टायट्रेट करा, म्हणजे योग्य प्रमाण तपासून घ्या. बर्फावर, अंधारात ३० मिनिटं. खोलीच्या तापमानाला ठेवलं तर पेशी बांधलेली अँटिबॉडी आत ओढून घेतात.

कंट्रोलमध्ये काटकसर नको. आयसोटाइप (त्याच प्रकारची, पण एचएसपी७० न ओळखणारी अँटिबॉडी) त्याच रंगद्रव्याचा, त्याच प्रमाणात. मोनोसाइट स्वतःच हिरव्या चॅनेलमध्ये चमकतात, म्हणून न रंगवलेली ट्यूब हवीच. मोनोसाइट ओळखणारी सीडी१४ ची अँटिबॉडी एपीसी या लाल रंगद्रव्यात घेतली तर त्यांना वेगळं काढणं सोपं जातं. सगळ्यात बोलका कंट्रोल म्हणजे टीकेडी हा १४ आम्लांचा पेप्टाइड (४५० ते ४६३). अँटिबॉडी त्याच्यासोबत आधी मुरवून मग पेशींवर टाकली की सिग्नल पडला पाहिजे. पडला नाही तर तुमचं 'पॉझिटिव्ह' दुसरंच काहीतरी आहे. पॉझिटिव्ह कंट्रोलसाठी के५६२ या ल्युकेमियाच्या पेशी ठीक.

अपेक्षा माफक ठेवा. निरोगी माणसाच्या लिम्फोसाइटवर स्वतंत्र शिखर दिसत नाही; दिसलं तर आधी मृत पेशींचा गेट (त्या वगळण्यासाठी ग्राफवर आखलेली हद्द) तपासा. ४२ अंशांवर तासभर तापवून ३७ वर काही तास सावरू दिलं तरी पेशीच्या आतलं प्रमाण जितकं वाढतं तितकं पृष्ठभागावर वाढेलच असं नाही. फरक छोटा असतो, म्हणून टक्केवारीसोबत मीडियन तीव्रताही लिहा. शिवाय मे महिन्यात गाडीच्या डिकीत तासभर तापलेली रक्ताची ट्यूब आली असेल, तर तिच्यातला ताण रुग्णाचा की प्रवासाचा हे कोणतीही अँटिबॉडी सांगू शकत नाही.

पाचपैकी चार गुण. एक कापला तो बाटलीच्या आकारासाठी: टायट्रेशन आणि कंट्रोल नीट केले की नमुन्यांसाठी फारसं काही उरत नाही, तेव्हा मागवतानाच दोन घ्या आणि दोन्ही एकाच लॉटच्या (एकाच खेपेत बनवलेल्या) मागा.