रोजचा सीबीसीटी की एक्स-रेची जोडी?

"रेडिएशन चालूच आहे, वर रोज स्कॅन कशाला?" नातेवाइकांची ही शंका रास्त आहे. कर्करोगाच्या रेडिएशन उपचाराआधी रुग्णाची जागा तपासायला मुख्यतः दोन पर्याय वापरतात: वेगवेगळ्या दिशांनी काढलेली एक्स-रेची जोडी, किंवा सीबीसीटी, म्हणजे उपचाराच्या मशीनवरच होणारा त्रिमितीय सीटी स्कॅन.

डोस पाहिला तर एक्स-रेची जोडी हलकी, काही मिलिग्रेची (शरीरात शोषलेल्या रेडिएशनचं माप). सीबीसीटी बहुधा १० ते ३०, सेटिंगनुसार कमी-जास्त. उपचाराची एक मात्रा मात्र अनेकदा २००० मिलिग्रे असते. तरी स्कॅनचा डोस गाठीपुरता राहत नाही, निरोगी भागालाही मिळतो. अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेची २०१८ची शिफारस अशी: इमेजिंगचा डोस उपचाराच्या ५ टक्क्यांवर गेला, तर तो हिशोबात धरावा.

खरा फरक दिसण्यात आहे. सीबीसीटीत मऊ अवयवही दिसतात, एक्स-रेत मुख्यतः हाडं कळतात. मूत्राशय भरल्यावर सरकलेली प्रोस्टेट दिसत नाही (आत खुणेसाठी बसवलेले सोन्याचे बारीक मार्कर असतील तर गोष्ट वेगळी). इथे मिलिग्रे वाचवताना नेम चुकला, तर तो सौदा महागात पडतो.

वेळ एक्स-रेला कमी लागतो.

म्हणून मेंदू किंवा हाडाजवळच्या गाठीला बहुधा एक्स-रे पुरतो. प्रोस्टेट, गर्भाशयमुख आणि मोजक्या मोठ्या मात्रांचे उपचार यांना सीबीसीटी बरा. लहान मुलांसाठी सीबीसीटी लागलाच, तर कमी डोसची सेटिंग आणि आखूड स्कॅन आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.