लिस्बनचा फूड वॉक: नाश्ता न करता जा

बाइशा ते मोरारिया या शहराच्या दोन जुन्या भागांमधला तीन-साडेतीन तासांचा पायी फेरा पैसे वसूल आहे, पण आधी ग्रुप किती जणांचा ते विचारा. इथल्या ताश्का, म्हणजे खानावळी, एवढ्याशा असतात. बारापेक्षा जास्त माणसं झाली की निम्मी फूटपाथवर उभी राहतात आणि गाइडचं बोलणं त्यांच्या कानावरही पडत नाही. रविवारही टाळा, बऱ्याच ताश्का बंद असतात.

खरा माल म्हणजे बिफाना. डुकराच्या मांसाचे पातळ काप लसूण आणि व्हाइट वाइनच्या रश्श्यात रटरटत असतात. ऑर्डर आली की चिमट्याने उचलून थेट पावात. पाव बाहेरून कडक, आत मऊ. रस्सा मुरला की मजा, पण पाच मिनिटं रेंगाळलात तर तळ फाटून सगळं हातावर. फोटो नंतर काढा. वाइन-लसणाची हीच जोडी गोव्यात व्हिनेगर आणि मिरची घेऊन विंदालू झाली, आणि आपला 'पाव' हा शब्दही पोर्तुगीजच. गाइड हे न सांगता नुसत्या प्लेटा पुढे सरकवत असेल, तर ते काम वेटरही करतो.

शाकाहारी असाल तर 'व्हेज मिळेल' एवढ्या उत्तरावर विसंबू नका. काल्दू वेर्द हे बटाटा-पाल्याचं सूप, पण वर शोरिसूची, म्हणजे डुकराच्या सॉसेजची चकती (गोव्याच्या चोरिसाचा हा पूर्वज). फारिन्येरा हे सॉसेज पिठाचं म्हणून पुढे येतं, त्यात डुकराची चरबी असते. गंमत म्हणजे सेर्राचं चीज निर्धास्त खावं: मेंढीचं दूध, आणि ते फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट नाही, काटेरी झुडपाच्या फुलाचे तंतू. गोड पदार्थांत मात्र अंड्याचा बलक जवळपास सगळीकडे. त्यामुळे बुकिंग करतानाच डुक्कर, मासे, अंडं असं एकेक नाव घेऊन लिहा. आयत्या वेळी सांगितलंत तर ऑलिव्ह आणि पावावर भागवावं लागतं.

बुटांचा तळ रबरी हवा. इथली चुनखडीची फरसबंदी झिजून गुळगुळीत झालीय, पावसात पाय सटकतो.

साँव दोमिंगुशच्या चौकात 1840 पासूनचं जिंजिन्याचं दुकान आहे. आंबट चेरीचं हे मद्य फुटपाथवर उभ्यानेच प्यायचं. 'कों एलश' म्हटलं की ग्लासात चेरीही येते; आत बी असते, दात सांभाळा.

शेवटचा पाश्तेल द नाता, म्हणजे अंड्याच्या कस्टर्डचा छोटा टार्ट, हा फेरीचा कच्चा दुवा. तोवर पोट तुडुंब, आणि तो बहुधा गार. त्याचं 1837 पासूनचं दुकान बेलें भागात आहे, या वाटेवर नाहीच. दुसऱ्या दिवशी 15 नंबरच्या ट्रामने जा आणि वर दालचिनी भुरभुरून गरमच खा.